बिग ब्लॅक: काय काय वजा केलं आणि काय उरलं

शिकागोचा बिग ब्लॅक हा बँड १९८१ साली सुरू झाला आणि १९८७ साली बंद झाला. सहा वर्षांत दोन पूर्ण अल्बम आणि काही छोट्या रेकॉर्ड्स, एवढीच त्यांची कमाई. रेडिओवर त्यांचं एकही गाणं गाजलं नाही. तरीही पुण्यात तासाच्या भाड्यावर सरावाची जॅम रूम घेऊन गिटारचा आवाज मोठा करणारा अँप कर्कश लावणाऱ्या मुलामुलींशी बोलत बसलात, तर थोड्या वेळाने स्टीव्ह अल्बिनीचं नाव निघतं. अल्बिनी हा या बँडचा गायक आणि गिटारवादक. ७ मे २०२४ रोजी वयाच्या ६१व्या वर्षी तो गेला. तेव्हापासून ‘या बँडमध्ये एवढं होतं तरी काय?’ असं अनेकजण विचारतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या घरात बंद दाराआडून तो गोंगाट ऐकू येतो त्या आईवडिलांसाठीही.

या बँडची गोष्ट मला वजाबाकीची वाटते. त्यांनी ड्रमर काढून टाकला. गिटारचा गोडवा काढून टाकला. मॅनेजर, वकील, करारपत्र, सगळं काढून टाकलं. जे उरलं ते वाजवलं. त्यांचा आवाज आणि त्यांचा पैशांचा व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, असं माझं मत आहे, आणि म्हणूनच दोन्ही एकत्र समजून घ्यायला हव्यात.

आधी आवाजाकडे वळू. बिग ब्लॅकचं संगीत नॉइज रॉक या प्रकारात मोडतं. नॉइज रॉक म्हणजे ज्यांना वाजवता येत नाही त्यांचं संगीत, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तार छेडली की ती फक्त एकाच गतीने हलत नाही. पूर्ण लांबीत हलते, त्याच वेळी अर्ध्या लांबीत, एक तृतीयांश लांबीत, एक चतुर्थांश लांबीतही हलते. मूळ स्वरावर असे बारीक स्वरांचे थर चढत जातात. तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर हेच थर उघडे करतो. घोडीचा माथा किंचित घासून, तारेखाली सुती दोरा सरकवून तो तार घोडीला निसटता स्पर्श करेल अशी बसवतो, आणि त्या स्पर्शातून झणझण उठते. ती झणझण काढून टाकली तर तानपुरा मुका वाटतो. नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून कुणीही न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच थरांतला. म्हणजे तारेच्या झणझणीतून आनंद घ्यायला आपले कान लहानपणापासून तयार झालेले आहेत.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम अँप करतो. अँपला त्याच्या ताकदीपेक्षा मोठा सिग्नल दिला की लाटेचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लाटेत मूळ आवाजात नव्हते असे नवे थर तयार होतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. अँपमधून निघालेला आवाज हवेतून परत गिटारच्या तारेला हलवू लागला आणि तेच हलणं पुन्हा अँपमध्ये गेलं, की न थांबणारी शीळ सुरू होते, तिला फीडबॅक म्हणतात. बहुतेक रॉक बँड या गोष्टी चवीपुरत्या वापरतात. नॉइज रॉकने त्यांनाच ताटातला मुख्य पदार्थ केलं. न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंडने १९६०च्या दशकात याची वाट पाडली, सत्तरीच्या अखेरीस तिथल्याच ‘नो वेव्ह’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बँडनी ती रुंद केली, आणि १९८१-८२च्या सुमारास सॉनिक यूथ आणि स्वान्स हे बँड तिच्यावरून निघाले. त्याच दिवसांत शिकागोला बिग ब्लॅक उभा राहत होता.

अल्बिनी वाढला मोंटाना राज्यातल्या मिझूला या छोट्या गावात. पत्रकारिता शिकायला तो शिकागोला लागून असलेल्या इव्हॅन्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आला. मनासारखे साथीदार मिळेनात, म्हणून त्याने पहिली रेकॉर्ड जवळजवळ एकट्यानेच केली. चार ट्रॅकचं टेप मशीन एका मित्राकडून उसनं घेतलं, त्याबदल्यात बिअरची एक पेटी दिली, आणि राहत्या खोलीत ‘लंग्ज’ नावाची सहा गाणी टेप केली. ही रेकॉर्ड १९८२ साली निघाली. त्याला स्वतःला ती पुढे फारशी आवडत नसे. मलाही ती कच्ची वाटते, पण पुढचा सगळा आराखडा तिच्यात दिसतो, कारण ड्रमवर माणूस नाही.

माणसाच्या जागी रोलंड कंपनीचं टीआर-६०६ हे ड्रम मशीन होतं. टिफिनच्या डब्याहून फार मोठं नसलेलं, स्वस्तातलं यंत्र. एकट्याने सराव करणाऱ्याला साथ मिळावी एवढ्यासाठी बनवलेलं. त्याचे आवाज बारीक आणि कोरडे. खरा ड्रम वाटावा अशी त्याची ऐपतच नव्हती, आणि बिग ब्लॅकने तसा प्रयत्नही केला नाही. त्यांनी तो बारीक आवाज प्रचंड मोठा केला. रेकॉर्डच्या पाठीवर वादकांच्या यादीत ‘रोलंड’ असं नावही छापलं. मधे ‘बुलडोझर’ या १९८३च्या रेकॉर्डवर यंत्राच्या जोडीला एक ड्रमर होता, पण नंतर यंत्रच कायम राहिलं.

यंत्राने नेमकं काय बदललं, ते मला माझ्या मावशीने सांगितलं. सवाई गंधर्व महोत्सवात वर्षानुवर्षं भारतीय बैठकीवर बसलेली ती बाई. तिला ‘केरोसिन’ हे गाणं ऐकवलं. कपाळाला आठ्या घालून तिने दोनेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “हे गिटारवाले एकमेकांच्या अंगावर धावून जातायत रे, पण ठेका धरलाय तो जागचा हलत नाही. कोण आहे तो?”

म्हटलं, “मावशी, माणूस नाही, यंत्र आहे.”

“तरीच. माणूस असता तर एव्हाना भांडणात पडला असता, नाहीतर उठून गेला असता.”

याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. ड्रमर माणूस असला की गाणं तापताना लय नकळत चढते, थकल्यावर थोडी उतरते, गायक हळू झाला तर तो हात आवरतो. यंत्र काहीच आवरत नाही. गाण्यातला माणूस कितीही बेभान झाला तरी मागची टकटक तेवढीच राहते, आणि त्यामुळे माणसाचं बेभान होणं जास्त उघडं पडतं.

गिटारचंही तसंच. गिटार बहुधा प्लास्टिकच्या पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने वाजवतात. अल्बिनी धातूचा पिक वापरायचा, आणि त्याला खाच पाडलेली असायची. याचा परिणाम कळायला रेकॉर्ड लागत नाही. घरात गिटार असेल तर पाच रुपयांचं नाणं घ्या आणि त्याच्या कडेने सर्वांत जाड तार छेडा. स्वराच्या आधी धातूवर धातू घासल्याचा एक ‘खर्र’ ऐकू येईल. आता कल्पना करा, त्या नाण्याला खाच आहे, म्हणजे एका फटक्यात दोन कडा तारेला एकामागोमाग लागतायत. दर फटक्याला तो ‘खर्र’ दुहेरी येतो, आणि तोच डिस्टॉर्शनमधून हजारपट मोठा होतो. हा झाला बिग ब्लॅकचा गिटार. दुसऱ्या गिटारवरचा सँटियागो दुरँगो त्याखाली घरघरता, जाड आवाज भरायचा. बेसवर आधी जेफ पेझाटी होता. नंतर आलेला डेव्ह रायली डेट्रॉइटचा, जॉर्ज क्लिंटनसारखे फंकचे दिग्गज जिथे रेकॉर्डिंग करायचे त्या स्टुडिओत काम केलेला. त्याचा बेस यंत्राच्या ठेक्याला झुलवतो. १९८६च्या ‘अ‍ॅटमायझर’ अल्बममध्ये हे तिन्ही आवाज एकत्र जमले, आणि माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी.

गाण्यांचे विषय मात्र सोपे नाहीत, आणि त्यावर पांघरूण घालून या बँडचं कौतुक करणं मला पटत नाही. कत्तलखाना बघायला जाणारे लोक, छोट्या गावातल्या कंटाळ्याने आग लावायला निघालेला तरुण, हिंसा करणारा माणूस, असे लोक गाण्यात ‘मी’ म्हणून बोलतात. वाईट माणसाच्या तोंडून त्याचा वाईटपणा दाखवायचा आणि श्रोत्याला त्यापासून लांब उभं राहू द्यायचं नाही, हा डाव कादंबरीत आणि नाटकात चालतो, गाण्यातही चालतो. ‘केरोसिन’मध्ये तो पूर्ण साधला आहे. काही ठिकाणी मात्र नुसता धक्का देण्याची हौस उरते. मिनेसोटातल्या जॉर्डन या गावात मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप बऱ्याच लोकांवर झाले होते. त्यावर त्यांनी गाणं केलं, आणि त्यातले बहुतेक खटले पुढे मागे घेतले गेले. बिग ब्लॅकनंतर अल्बिनीने जो बँड काढला त्याचं नाव तर बलात्कारावर बेतलेलं होतं. २०२१ साली अल्बिनीने जाहीरपणे लिहिलं की आपण सुखवस्तू, सुरक्षित जागी बसून अज्ञानातून बरंच काही बोललो आणि केलं, ते वाईट होतं आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप आहे. मुलाखतींतही त्याने ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही. आज हे संगीत नव्याने ऐकणाऱ्याने हा भागही माहीत करून घ्यावा.

आता पैशांकडे. अल्बिनीचा खरा वारसा इथे आहे, आणि पुण्यातल्या बँडना सर्वांत उपयोगी भागही हाच आहे.

बिग ब्लॅकने मॅनेजर ठेवला नाही, लेबलशी, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीशी, लेखी करार केला नाही, दौरे स्वतः ठरवले. १९८७ साली ते टच अँड गो या लेबलकडे गेले. कोरी रस्क चालवत असलेल्या या लेबलची पद्धत साधी होती: हात मिळवायचा, आधी खर्च वळता करायचा, उरलेला नफा निम्मा बँडचा, निम्मा लेबलचा. मोठ्या कंपन्यांची पद्धत वेगळी. त्या बँडला आधी उचल देतात. ती उचल फिटते, पण ती एकूण विक्रीतून नव्हे, फक्त बँडच्या रॉयल्टीतून. सगळी गोम या ‘फक्त’मध्ये आहे.

सोपा हिशोब करू. समजा अल्बमला १ लाख रुपये खर्च आला आणि विक्रीतून ३ लाख आले. निम्म्या-निम्म्या पद्धतीत खर्च वजा जाता २ लाख उरतात, बँडला १ लाख, लेबलला १ लाख. आता तोच अल्बम उचल पद्धतीने बघा. ते १ लाख कंपनीने उचल म्हणून दिले, बँडने रेकॉर्डिंगवर खर्च केले. रॉयल्टी ठरली १२ टक्के, म्हणजे ३६ हजार. हे ३६ हजार बँडच्या हातात येत नाहीत, उचलीत वळते होतात. बँडच्या खात्यावर अजून ६४ हजार रुपये देणं दाखवलं जातं. त्याच वेळी कंपनीच्या हातात खर्च वजा जाता २ लाख जमा असतात. एकच अल्बम, एवढीच विक्री, पण एका हिशोबात बँड लाखाचा धनी, दुसऱ्यात कर्जदार.

१९९३ साली अल्बिनीने ‘द बॅफलर’ या नियतकालिकात असाच एक ताळेबंद मांडला. त्यात एका काल्पनिक बँडला अडीच लाख डॉलरची उचल मिळते आणि अल्बमच्या अडीच लाख प्रती खपतात, म्हणजे सगळं यशस्वी होतं. शेवटी कंपनीला ७ लाख १० हजार डॉलर, प्रोड्युसरला ९० हजार, मॅनेजरला ५१ हजार, आणि बँडमधल्या प्रत्येकाला ४,०३१ डॉलर २५ सेंट. वर रॉयल्टीच्या खात्यात बँड १४ हजारांनी उणे. त्या लेखात कुणीही चोर नाही, सगळं करारानुसार होतं. संगीत व्यवसायाबद्दल मी वाचलेल्या लिखाणात यापेक्षा परिणामकारक काही नाही, कारण त्यात राग आहे आणि प्रत्येक आकड्याचा हिशोबही आहे.

पण हातावर हात मारून केलेल्या व्यवहाराचीही एक बाजू आहे. टच अँड गोच्याच बटहोल सर्फर्स या बँडने पुढे लेबलकडून आपल्या जुन्या रेकॉर्ड्सचे हक्क परत मागितले आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९९९ साली अपील कोर्टाने बँडच्या बाजूने निकाल दिला: तोंडी व्यवहाराला मुदतच ठरलेली नसेल तर इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे तो कुठल्याही बाजूला मोडता येतो. अल्बिनी शेवटपर्यंत तोंडी शब्दाच्या बाजूने राहिला. मला मात्र वाटतं, निम्मा-निम्मा नफा हा भाग घ्यावा आणि तो चार ओळींत लिहून काढावा, मुदतीसकट. मित्रामित्रांतला व्यवहार लिहून ठेवण्यात अविश्वास कसला? २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यात सुरू झाल्यावर इथल्या मुलांना मोठा मंच दिसू लागला. पण ‘मानधन नाही, एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य गेलेलं नाही. ते ऐकल्यावर तिकिटाच्या पैशांचं काय, साउंडवाल्याला किती, आम्हाला किती, एवढं विचारायची सवय लागली तरी पुष्कळ आहे.

१९८७ साली दुरँगोने कायदा शिकायला जायचं ठरवलं. त्याच्या जागी दुसरा माणूस घेऊन बँड चालवायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी आधी जाहीर करून बँड बंद केला. त्या वर्षी निघालेल्या ‘हेडेक’ या छोट्या रेकॉर्डवर त्यांनी स्टिकर लावला होता की ही ‘अ‍ॅटमायझर’इतकी चांगली नाही, तेव्हा फार आशा धरू नका. गिऱ्हाइकाला खरं सांगणारी याहून स्पष्ट जाहिरात मी पाहिलेली नाही. शेवटचा दौरा झाला, ऑगस्टमध्ये सिएटलच्या एका जुन्या वाफेच्या वीजकेंद्रात शेवटचा कार्यक्रम झाला, आणि शेवटी त्यांनी वाद्यं फोडली. दुसरा अल्बम त्यानंतर बाजारात आला. त्याचं नाव चारचौघांत घेण्यासारखं नाही, पण गाणी कसलेली आहेत.

पुढे अल्बिनी दुसऱ्यांची रेकॉर्डिंग करू लागला आणि तीच वजाबाकी त्याने स्टुडिओत नेली. त्याला प्रोड्युसर म्हटलेलं आवडत नसे. अल्बमवर ‘रेकॉर्डिंग केलं’ एवढंच लिहावं, असं तो म्हणे. प्रोड्युसर बँडला सांगतो काय वाजवा. अल्बिनी विचारायचा तुम्हाला काय वाजवायचंय, आणि मग माइक लावण्यावर मेहनत घ्यायचा. बँडने खोलीत एकत्र वाजवायचं, काही माइक वाद्याजवळ, काही लांब, म्हणजे ड्रमबरोबर खोलीही ऐकू येते. पिक्सीज या बँडच्या १९८८च्या ‘सर्फर रोझा’साठी त्याने १,५०० डॉलर घेतले आणि रॉयल्टी नाकारली. १९९३च्या निर्व्हाना बँडच्या ‘इन युटेरो’साठी १ लाख डॉलर ठरीव घेतले. त्याआधी बँडला लिहिलेल्या पत्रात त्याने मांडलं की मला प्लंबरसारखे पैसे द्या, काम करीन, कामाचे पैसे घेईन. तीस लाख प्रती खपतील असं धरलं तर रॉयल्टीतून चारेक लाख डॉलर मिळाले असते, हा हिशोब त्याने त्याच पत्रात मांडला आणि ते पैसे बँडचे आहेत म्हणून नाकारले. कंपनीला अल्बमचा खरखरीतपणा रुचला नाही, दोन गाणी दुसऱ्याकडून पुन्हा मिक्स करून घेतली गेली. तरी अल्बम लाखोंनी खपला.

१९९७ साली शिकागोत त्याने इलेक्ट्रिकल ऑडिओ हा स्वतःचा स्टुडिओ उघडला. न्यू मेक्सिकोहून आणलेल्या कच्च्या मातीच्या विटा भिंतींना वापरल्या. कोट्यवधी खपणारा बँड असो वा कॉलेजातली चार पोरं, तो फोन उचलायचा आणि ठरीव दर सांगायचा. १९९२ साली बॉब वेस्टन आणि टॉड ट्रेनर यांच्याबरोबर सुरू केलेला शेलॅक हा बँडही वेळ मिळेल तसा चालू होता. त्यांचा ‘टू ऑल ट्रेन्स’ हा अल्बम १७ मे २०२४ रोजी आला, अल्बिनी गेल्यावर दहा दिवसांनी.

ऐकायची सुरुवात ‘केरोसिन’पासून करा. सहा मिनिटांचं गाणं आहे, हेडफोनवर ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर बेस हरवतो. सुरुवातीला दोन गिटार घंटांसारखे किणकिणतात, तेव्हा वर सांगितलेले तारेचे बारीक थर सुटे ऐकू येतात. मग यंत्र आत येतं, बेस त्याला धरतो आणि किणकिण खर्जात उतरून घासू लागते. पहिल्यांदा नुसता ठेका धरून ऐका, दुसऱ्यांदा फक्त बेस. तिसऱ्यांदा शब्दांकडे जा. ते जमलं की शेलॅकचा १९९४चा ‘अ‍ॅट अ‍ॅक्शन पार्क’ लावा. त्यात ड्रमवर टॉड ट्रेनर आहे, माणूस आहे, आणि खोलीतल्या हवेसकट त्याचा प्रत्येक फटका ऐकू येतो.